सांडव्याला दिलेली जमीन

माझ्या वावरातलं तळं ही माझी खाजगी बाब आहे, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. पाणी किती साठवायचं, पाळीवर काय लावायचं, सांडवा किती रुंद काढायचा, हे ज्याचं वावर तो ठरवील. झरी जामणीसारख्या तालुक्यात कापूस, तूर, सोयाबीन सगळं मृगाच्या भरवशावर असतं. अशा ठिकाणी कुणी पदरमोड करून चार थेंब अडवले तर त्याच्या पाठीवर थाप मारावी, त्याला नियमावली दाखवू नये, अशी माझी पक्की धारणा होती. ग्रामसभेत मी हे उभं राहून बोललोही आहे. आज ती धारणा माझी राहिलेली नाही. ती कशानं गेली हे मांडावंसं वाटतं, कारण वावरात अशी पाळ बांधून बसलेला मी काही एकटा नाही.

वर्धा नदी ओलांडून पूर्वेला गेलं की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात तलाव ही जुनी विद्या आहे. मालगुजारांचे मोठे तलाव, आणि धानाच्या बांधीला पाणी पुरवणाऱ्या, एकेका शेतकऱ्याच्या मालकीच्या लहान बोड्या. नवेगाव बांधचा तलाव कोहळी समाजानं उभा केला. पाळ कुठं बसते, पाणी कुणाला कोणत्या पाळीनं सोडायचं, हे ज्ञान तिथं बापाकडून लेकाकडे जात राहिलं. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, तरी तिकडच्या म्हाताऱ्या माणसाला पाळीकडे पाहून तिची तब्येत सांगता येते. आमच्याकडे तसं नाही. यवतमाळ जिल्हा जुन्या वऱ्हाडातला. इथं रयतवारी होती, मालगुजारी नव्हती. जमीन काळी, पीक कापसाचं, आणि पऱ्हाटीच्या मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. तलाव राखणं हे आमच्या गावगाड्याचं कामच नव्हतं. आम्ही पाळ बांधायला शिकलो ते गरजेपोटी. ती राखायला कुणी शिकवलं नाही.

आमचं तळं 1972 च्या दुष्काळानंतरचं. विहिरी तळाला गेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी वावरातल्या ओघळीवर माती टाकायला घेतली. माती तिथलीच, काळी. टोपल्यांनी टाकायची, ढेकळं फोडायची, वरून बैलं फिरवायची, पुन्हा टाकायची. ओघळीच्या मध्यावर ही पाळ दीड-दोन पुरुष उंच आहे. तळं भरलं की एकरभर पाणी पसरतं. सरासरी दीड मीटर खोली धरली तर 6,000 घनमीटर, म्हणजे 60 लाख लिटर पाणी. वजनात सांगायचं तर 6,000 टन. हा आकडा मी आयुष्यात कधी काढला नव्हता. पाणी मी नेहमी ओलितात मोजलं: हरभऱ्याला किती पाळ्या होतील, गव्हाला किती.

या तळ्याचे उपकार मोठे आहेत. खालच्या दोन-तीन विहिरींना त्याच्यामुळे उन्हाळा निघतो. पोळ्याला गावातली बैलं तिथं धुतली जातात. म्हणूनच सांडव्यातून जाणारं पाणी मला बघवत नसे. गेलं ते पाणी म्हणजे रब्बीचं एक ओलित गेलं, असा माझा हिशोब होता. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ऐकत आमची पिढी मोठी झाली, आणि त्यातलं 'अडवा' मी मनावर घेतलं. सांडव्याच्या तोंडावर दर श्रावणात मातीची पोती रचून मी पाणी वर चढवायचो. कटला-रोहूची बोटुकली सोडल्यावर मासे पळू नयेत म्हणून तिथं जाळीही बांधली.

तळ्यातळ्यांत फरक असतो, हेही आपण विसरतो. 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत जी तळी झाली ती खोदलेली. मोठ्यात मोठं 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर. त्यातलं बहुतेक पाणी जमिनीच्या पातळीखाली असतं, कड ढासळली तरी ते खड्ड्यातच राहतं. तिथला धोका वेगळा आहे: प्लास्टिकच्या अस्तरावरून पाय घसरला की वर येता येत नाही, आणि त्यात लेकरं गेली आहेत. ओघळीवर पाळ घालून केलेल्या तळ्यात मात्र पाणी खालच्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच उभं असतं. दोन्हीला आपण तळंच म्हणतो, दोन्हीकडे एकाच नजरेनं बघतो.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. लहानसं, मातीचं, जेमतेम वीसेक वर्षांचं. खालच्या भेंदवाडीतली घरं झोपायच्या वेळी माणसांसकट वाहून गेली. गळती होते अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. नंतर खेकड्यांनी धरण पोखरल्याचं विधान आलं आणि राज्यभर संताप उसळला. मलाही संताप आला. पण त्या संतापात एक साधी गोष्ट मागे पडली. खेकडा, घूस, सायाळ मातीच्या पाळीत बीळ करतात हे खरंच आहे. ती बिळं वेळच्या वेळी शोधणं आणि बुजवणं हे राखणाऱ्याचं काम, आणि जाब त्यालाच द्यावा लागतो. आमच्या पाळीचा राखणारा मी होतो. पाळीवर मी नेहमी पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो. तिची मागची बाजू मी कधी उतरून पाहिली नव्हती.

ती पाहिली माझ्या पुतणीनं. ती अभियंता आहे, मातीच्या बांधांची कामं तिनं केली आहेत. तळं बघायला आली तेव्हा पाण्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. बेशरम आणि पळसाच्या झुडपांतून वाट काढत ती सरळ पायथ्याशी उतरली आणि म्हणाली, ''काका, मार्च महिन्यात सगळं वावर पिवळं पडलंय. मग एवढंच गवत हिरवं का?''

खाटेएवढा तुकडा असेल. पाय ठेवला की माती दबायची आणि टाचेभोवती पाणी गोळा व्हायचं. हा ओलावा तिथं नेहमीचाच असणार. ढोरं त्या गवतावर यायची, आणि मला ते बरंच वाटायचं. तिनं समजावलं की मातीच्या पाळीतून थोडंफार पाणी पाझरतंच. पाझराला घाबरायचं नाही, पाझरासोबत माती येते का ते बघायचं. तळं तुडुंब भरलं की इथल्या पाण्यानं काचेची बाटली भरायची आणि रात्रभर हलवायची नाही. नितळ राहिलं तर ठीक. तळाशी गाळ बसला तर पाळ आतून धुपते आहे. सुरुवातीला ती वाट सुतळीएवढी बारीक असते. माती जाते तशी ती मोठी होते, मोठी झाली की पाणी जोरात येतं, आणि जोरात आलेलं पाणी आणखी माती नेतं. शेवटच्या टप्प्याला वेळ लागत नाही.

खालच्या पोडावरचे, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचे, एक वृद्ध काकाजी आमच्याजवळ येऊन उभे होते. त्यांना यातलं काही नवीन वाटलं नाही. म्हणाले, ''पानी झिरपते त झिरपू द्या भाऊ. गढूळ आलं त मंग तिथं राहू नका.'' ते पोड आमच्या पाळीखाली आहे. म्हणजे आमच्या तळ्याचं पाणी गढूळ येतं का, याच्यावर त्यांची नजर आधीपासून होती. मी मालक, आणि मला तो हिरवा तुकडा दुसऱ्यानं दाखवावा लागला. माझं मत त्या जागेवर हललं असं मी म्हणेन. पुढं जे वाचलं, मोजलं, ते त्याच्या पाठोपाठ आलं.

त्या पावसाळ्यात बाटली भरली. झडीच्या दिवसांत पाणी स्वच्छ होतं. एका जोरदार पावसानंतर सकाळी तिच्या तळाशी नखाएवढा काळा थर बसलेला दिसला. मी लगेच पोत्यात चिकणमाती भरून ती जागा ठासून बुजवायला निघालो होतो. कुणीही शेतकरी हेच करील. पुतणीनं फोनवर थांबवलं. बाहेरून बुजवलं तर पाणी आत कोंडतं, पाळीच्या पोटात दाब वाढतो, आणि ते दुसरीकडून जोरानं निघतं. पाणी जाऊ द्यायचं, माती धरायची. आधी जाडी रेती, तिच्यावर बारीक गिट्टी, मग मोठी गिट्टी, सगळ्यांत वर दगडांचं वजन. आम्ही तसंच केलं. पाझर आजही आहे, बाटलीत गाळ येत नाही. पाण्याला जायला वाट देऊन पाळ मजबूत होते, हे माझ्या आधीच्या सगळ्या समजुतींच्या विरुद्ध होतं.

काळ्या मातीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आमच्या भागाचा खरा प्रश्न तिच्यात आहे. मोठ्या धरणांत काळी माती वापरतात, पण आत, गाभ्यात. बाहेरून मुरमाचं जाड कवच असतं. आमची पाळ आतबाहेर काळीच. ओली असताना ती पाणी धरते, वैशाखात तिला भेगा पडतात. हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा मी दरवर्षी पाहत आलो होतो, आणि पाऊस पडला की मिटतात म्हणून सोडून देत होतो. वरून त्या मिटलेल्या दिसतात. पण पाळीला आडवी, या काठापासून त्या काठापर्यंत गेलेली भेग असेल, आणि मृगाचा पाऊस भुरभुर न येता एकदम कोसळला, तर माती फुगून भेग बंद व्हायच्या आत पाणी तिच्यात शिरतं. पहिला मोठा पाऊस म्हणूनच जास्त भीतीचा. आता मे महिन्यात आम्ही भेगा उकरतो, ओली माती भरून धुमसानं ठोकतो, आणि दरवर्षी जमेल तेवढ्या पाळीवर मुरमाचा थर देतो. मुरूम असला की खालची काळी माती कमी वाळते.

मग गवंड्याची लेव्हल नळी घेऊन आम्ही पाळीचा माथा मोजला. मला माथा सरळ वाटत होता. प्रत्यक्षात मध्यभागी तो खाली बसलेला निघाला, सांडव्याच्या उंबऱ्यापेक्षा जेमतेम वीतभर वर. भराव जिथं सगळ्यांत उंच तिथंच तो सगळ्यांत जास्त बसतो. वरून बैलगाडीची वाट गेलेली, ढोरांची ये-जा, त्यानं अजून थोडं झिजलेलं. पाणी माथ्यावरून वाहायला लागलं तर ते नेमकं तिथून वाहणार जिथं पाळीची उंची आणि खाली पडण्याचा जोर सर्वांत जास्त. मातीच्या पाळीला हे सोसत नाही. पानशेत 12 जुलै 1961 ला गेलं तेव्हाही माती खचून माथा खाली आला होता, आणि लष्कराच्या जवानांनी रचलेल्या वाळूच्या पोत्यांनी काही तासच मिळवून दिले. ते मोठं धरण होतं, काम अपुरं होतं, कारणं वेगळी होती. पण माती तशीच वागते.

आता सांडव्याचा हिशोब. आमच्या तळ्याला सुमारे 50 एकरांचं, म्हणजे 20 हेक्टरांचं पाणलोट आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. तासाभरात 75 मिलिमीटर पडला आणि त्यातलं निम्मं जरी वाहून आलं, तरी तळ्यात सेकंदाला 2,000 लिटरच्या वर पाणी येतं. रिकामं तळं तासाच्या आत भरतं. श्रावणात ते आधीच भरलेलं असतं, तेव्हा आलेलं सगळं पाणी तितक्याच वेगानं बाहेर गेलं पाहिजे. आमचा सांडवा पाच फूट रुंदीचा. काठोकाठ वाहिला तरी त्यातून निम्मंही जात नव्हतं, आणि त्याच्या तोंडावर माझी पोती आणि माझी जाळी. असा पाऊस आमच्याकडे कधी पडतो, असं विचारायची सोय आता राहिलेली नाही. जुलै 2023 मध्ये आमच्याच जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पाण्याचा वेढा पडला आणि माणसं सोडवायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली.

फुटलेल्या धरणांबद्दल वाचताना जाळीचं वाचलं, तेव्हा मी बराच वेळ पुढं वाचू शकलो नाही. अमेरिकेत जॉन्सटाउन शहराच्या वर डोंगरात एक मातीचं धरण होतं, श्रीमंत लोकांच्या एका शिकार-मासेमारी क्लबच्या मालकीचं. तळातून पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकानं भंगारात विकलेले. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा उतरवून रुंद केलेला. मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावलेल्या, आणि त्यांत काटक्या-पालापाचोळा अडकत असे. 31 मे 1889 ला पाणी माथ्यावरून गेलं. 2,209 माणसं मेली. आमचं तळं त्याच्यापुढं काहीच नाही, पण गाडीवाट, जाळी आणि पाणी सोडायला तळात काही सोय नसणं, हे तिन्ही आमच्याकडे होतं.

खाजगी तळ्याची जबाबदारी कुणाची, हा वाद कोर्टात फार आधी झालेला आहे. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकानं स्वतःच्या गिरणीसाठी तळं बांधलं. त्याचं पाणी जुन्या खाणीच्या वाटांनी शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं. 1868 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं ठरवलं की सुटलं तर नुकसान करील अशी गोष्ट ज्यानं आपल्या जमिनीवर आणून साठवली, त्यानं ती आपल्या जोखमीवर साठवावी. निष्काळजीपणा सिद्ध करायचीही गरज नाही. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या नावानं तो खटला आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, 1874 मध्ये, मद्रास रेल्वे कंपनी आणि कार्वेतीनगरचा जमीनदार यांचा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढं गेला. जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचं नुकसान झालं होतं. तिथं मात्र निकाल जमीनदाराच्या बाजूनं लागला: या देशात शेतीसाठी तलाव राखणं ही पूर्वापार चालत आलेली, रयतेच्या पोटाची गोष्ट आहे, नीट काळजी घेतलेली असेल तर केवळ तलाव फुटला म्हणून जबाबदार धरता येणार नाही.

मला दुसरा निकाल फार आवडला. माझं जुनं मत त्यात जवळजवळ शब्दशः होतं. पण त्यात 'काळजी घेतलेली असेल तर' ही अट आहे, आणि ती मी पुन्हापुन्हा वाचली. शिवाय त्या जमीनदाराचे तलाव गावांसाठी होते. माझं तळं माझ्या हरभऱ्यासाठी आहे. खालच्या पोडाला त्याचा लाभ थोडा आणि धोका पुरता. त्यांनी ती पाळ घालायला सांगितलेली नव्हती.

सरकार लक्ष घालील असं म्हणावं, तर 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आहे. 10 ते 15 मीटरची काही धरणं लांबी, साठा, पूर यांच्या अटींवर त्यात येतात. आमच्यासारख्या पाळी त्याच्या जवळपासही येत नाहीत. त्या तशा येऊ नयेत हेही मला पटतं. एकरभर तळ्यासाठी तज्ज्ञ समिती कुठून आणणार? पण म्हणून त्या कुणाच्याच वहीत नसाव्यात, हे मला आता पटत नाही. ग्रामसभेत मी ज्याच्या विरोधात बोललो होतो तेच आता मागतो आहे. गावाच्या शिवारात जिथं जिथं मातीची पाळ आहे तिची ग्रामपंचायतीत नोंद हवी: उंची किती, सांडवा किती रुंद, खाली कुणाची घरं, कोणता रपटा, शाळेची वाट कुठून जाते. मृगाच्या आधी एकदा चार माणसांनी सगळ्या पाळी चालून पाहाव्यात, आणि त्यात पाळीखाली राहणारं एक माणूस असावंच. एका मालकानं मला विचारलं, ''उद्या काही झालं तर ही नोंद आमच्याच अंगावर येईल ना?'' येईल. ती यावी असंच मला वाटतं.

तळं मोडून टाकावं असं मात्र मला क्षणभरही वाटलं नाही. घाबरून मोटार लावून तळं एकदम उपसणं हेही धोक्याचंच आहे. पाणी झपाट्यानं उतरलं की आतल्या बाजूची भिजलेली काळी माती आधार सुटून घसरते. पाणी उतरवायचं तर हळूहळू. पाळीवरच्या कडुनिंबाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. झुडपं काढली, पण तो बाबांनी लावलेला, बुंधा कवेत न मावणारा. झाडांची मुळं माती धरतात म्हणून पाळीवर झाडं असावीत, असं मी मानायचो. ते उतारावरच्या गवताबद्दल खरं आहे. मोठं झाड वाऱ्यात उन्मळलं तर पाळीचा लचका घेऊन जातं, आणि कापलं तर मुळं कुजून आत पोकळ वाटा राहतात. काढायचं तर मुळासकट, खड्डा थराथरानं भरून, तळं कोरडं असताना. एखाद्या दुष्काळी उन्हाळ्यातच ते जमेल.

सांडव्याचं मात्र ठरलं आहे. तो पाळीच्या भरावात न कापता उजव्या टोकाला, मूळ मुरमाच्या जमिनीत काढायचा, रुंदी तिपटीच्या वर. त्यात तुरीचा चांगला तुकडा जातो. पुतणीनं आखणी करून दिली तेव्हा घरात सगळ्यांनी विचारलं, एवढी जमीन पाणी वाहून जाण्यासाठी द्यायची? मी हो म्हटलं. अडचण पुढं आहे: त्या टोकाला सुटलेलं पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर पडतं. तो म्हणतो, नाल्याला मिळेपर्यंत दगडाचं पिचिंग करून द्या, नाहीतर माझं वावर धुपेल. खर्च माझ्या अंदाजाच्या बाहेर जातो आहे, पण त्याचं म्हणणं रास्त आहे. तूर निघाली की दगड टाकायला सुरुवात करू, असं आमचं बोलणं झालंय. तोवर जुन्या सांडव्याचा उंबरा हातभर उतरवला आहे, पोती काढली आहेत, जाळी सोडवून घरी आणली आहे. यंदा मासे कमी मिळतील आणि गव्हाचं एक ओलित कमी होईल.